सक्ती कुणावर?

नकाशावरचा लाल फुगा काही केल्या जागेवर बसेना. बोटाने ओढून मावशींच्या खोलीवर आणावा, तर तो निसटून बिंदुसरेच्या पलीकडच्या काठावर. तिकडे गेला की शाळा एक किलोमीटरच्या बाहेर, इकडे आला की आत.

"बघ," मामा चष्म्यावरून म्हणाले, "बोट थरथरलं की अधिकार नदीपार."

जानेवारीतली दुपार होती. मी दोन दिवसांसाठी बीडला मामांकडे गेले होते आणि मामींकडे भांड्याला येणाऱ्या मावशींच्या नातवाचा आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालच्या प्रवेशाचा, अर्ज भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पडलं म्हणजे मामांनीच टाकलं. "तू वकीलीण. कायद्याचं तू बघ, मी नुसता बसतो." मावशींनी प्लॅस्टिकची पिशवी सतरंजीवर उलटी केली. जन्मदाखला, लाइट बिल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, चार आधार कार्डांच्या घड्या पडलेल्या झेरॉक्स. नातवाला सहावं सरून गेलेलं. त्याचे आईबाप कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडात. दिवाळी करून गेले ते आता हंगाम संपून पट्टा पडल्यावरच येणार. अर्जावरचा मोबाइल नंबर बापाचा, त्यामुळे नोंदणीचा एसएमएस जाणार फडात आणि तिथून त्याने तो फोनवर वाचून दाखवायचा.

मामा केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या नोकरीत काढली, त्यातली बरीचशी ऊसतोडीच्या गावांत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: कायद्याने शाळेत आलेलं एकही लेकरू मी पाहिलेलं नाही. हे वाक्य ते लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याच्या पंगतीतही बोलले आहेत. मी त्याला नेहमी हसून सोडून देते. त्या दिवशी नेट इतकं हळू चालत होतं की भांडायला भरपूर वेळ होता.

"मामा, कायदा नसता तर या मावशी आज हा अर्ज तरी भरत बसल्या असत्या का?"

"नसत्या. पोराचा हात धरून सरळ शाळेत नेऊन सोडला असता. पूर्वी तसंच करायचे."

"पूर्वी म्हणजे कधी? ज्यांची पोरं नेऊन सोडली जायची ते किती होते, आणि ज्यांना दारातूनच परत पाठवायचे ते किती? १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या हंटर आयोगाला निवेदन दिलं, ते हेच सांगायला ना? किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यात आहे. खाली सही करताना स्वतःची ओळख काय दिलीय? व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य. कर भरणारा माणूस हिशेब मागतोय. सारा आमच्या घामातून काढता आणि खर्च वरच्या जातींच्या वरच्या शिक्षणावर करता."

"ते निवेदन मीही वाचलंय, बाई. मास्तरांबद्दल काय लिहिलंय ते तू गाळलंस." मामांनी मांडी बदलली. "मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ नाहीतर सुताराची तासणी धरायला लाजणार नाहीत असे. शिकवायचं काय, तर मोडी आणि बालबोध, हिशेब, शेतीची तोंडओळख, आरोग्य. लोकांना आपली वाटेल अशी शाळा आधी, सक्ती तिच्या मागून. आणि त्यांची स्वतःची पहिली शाळा कधीची? १८४८ ची. मागणीच्या चौतीस वर्षं आधीची. तेव्हा कोणत्या कलमाखाली काढली होती?"

इथे मामांचं म्हणणं बिनचूक होतं. पण त्यातून निघायचं ते उलटंच निघतं. ज्याने स्वतः शाळा चालवून पाहिली, तोच माणूस तीन दशकांनी सरकारला सक्ती कर म्हणून सांगतो. म्हणजे नुसत्या शाळा काढून भागत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं होतं. मी तसं म्हटलं.

"बरं, मग सक्ती झाली. पुढे?"

"पुढे बडोदा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात कायदा लावला. शिक्षण मोफत आणि सक्तीचं. इंग्रजांच्या मुलखात तेव्हा नाव नव्हतं."

"आणि पोराला पाठवलं नाही तर?"

"दंड."

"कुणाला?"

"बापाला."

"हां." मामांना हवं ते मिळालं होतं. "शाहू महाराजांनीही १९१७ ला तेच केलं. महिन्याला एक रुपया दंड. दोघांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. एक कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेला, दुसरा कागलचा. दोघांनी खजिन्यातून पैसा काढला, वसतिगृहं बांधली. पण कायदा कुणाला धरतो बघ. ज्याच्याजवळ रुपया नाही त्याला. आता एक ऐक. साल असेल १९८६ किंवा ८७. मी गेवराई तालुक्यात होतो. तिसरीतली एक पोरगी, हुशार, पाढे तोंडपाठ. टोळी निघायच्या आदल्या रात्री मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, हिला ठेवून जा, आजीजवळ राहील, मी बघतो. बाप म्हणाला, गुरुजी, पोरगी ठेवली तर कोयता मोडतो."

कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे मला माहीत होतं. मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती जोडीला देतो. त्यापुढचं मामांनी सांगितलं.

"घरात सात महिन्यांचं तान्हं. पोरगी नसली तर आई त्याला घेऊन कोपीत बसणार. आई बसली की अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्यात उचल फिटत नाही, म्हणजे पुढच्या सालाला पुन्हा त्याच मुकादमाकडे. आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर सगळ्या घराचा हिशेब होता. मी त्या बापाला दंड करायचा? कोणत्या तोंडाने?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून मी मोबाइलकडे पाहिलं. पानावर चक्र फिरत होतं.

"पण मामा, हाच युक्तिवाद गोखल्यांच्या विरोधात वापरला गेला होता. गरिबाला पोराची कमाई लागते, लोकांनाच शिक्षण नको आहे, सक्ती केली तर जुलूम होईल. बोलणारे सगळे गरिबाच्या कळवळ्याने बोलत होते. त्यात जमीनदार होते."

"गोखल्यांचं नीट सांग. आमच्या डीएडला त्यावर एक टीप यायची, पाच मार्कांची."

मग मी नीट सांगितलं, कारण या विधेयकाबद्दल मला खरोखर जिव्हाळा आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये कलकत्त्याला कायदेमंडळात आधी ठराव आणला, तो आश्वासन घेऊन मागे घेतला, आणि १६ मार्च १९११ ला विधेयकच मांडलं. इतकं नेमस्त विधेयक शोधून सापडणार नाही. सगळ्या देशाला एकदम लागू नव्हतं. जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जात असतील, तिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटलं आणि सरकारने परवानगी दिली, तरच सक्ती. तीही सहा ते दहा वयाच्या मुलग्यांना, मुलींचं नंतर बघू. ज्याचं उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी त्याला फी माफ. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा. वर्षभर मतं मागवली, मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली आणि मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८. आपण हरणार हे गोखल्यांना बोलायला उभं राहतानाच माहीत होतं. तीन वर्षांनी ते गेले.

"दहा रुपये," मामा म्हणाले. त्यांनी सतरंजीवरचा तहसीलचा दाखला उचलला आणि हातभर लांब धरून वाचला. "आता एक लाख. वर्षाचे. गरिबीचा दाखला तेव्हाही लागायचा म्हण की."

"दहा रुपयांचा दाखला कुणी मिळवू शकला नाही, मामा. विधेयकच पडलं."

"आणि पडलं म्हणून काय बिघडलं? सहा वर्षांनी विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात आणलंच की."

"१९१८ चा पटेल कायदा. ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला. त्यातही नगरपालिकेला वाटलं तर. पुण्यात दोन वर्षांनी वाटलं, तर लगेच वाद: पैसे अपुरे आहेत, आधी मुलग्यांपुरतं करू. मग रमाबाई रानडे आणि पुण्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. मुलींना वगळून सक्ती नको म्हणाल्या."

"मुलींचं काय, पुढच्या वर्षी असतंच," स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. त्या इतका वेळ ऐकत होत्या हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मामा हसले नाहीत. "बरं, हे तुझं १९१८, मग १९२३ चा मुंबईचा कायदा, मग १९४७ चा. यातला आमच्या बीडला कोणता लागू होता?"

मी थांबले.

"एकही नाही. आम्ही निजामात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तुम्ही पुण्यामुंबईचे लोक महाराष्ट्राचा इतिहास म्हणून जो सांगता, त्यात आम्ही नसतोच. माझी आई अंगठेबहाद्दर होती. तिच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती. जवळची शाळा चार कोसांवर आणि शिकवणं उर्दूतून. अमरेलीत दंड होत होता तेव्हा इकडे दंड करायलाही कुणी मास्तर नव्हता." ते जरा थांबले. "आणि तरी मी शिकलो. कायद्याने नाही. आईने म्हशीचं दूध विकून पाटी घेतली म्हणून."

आईचा विषय निघाला की मामांशी वाद घालता येत नाही. मामींनी चहा आणला. मावशींनी बशीत ओतून प्यायला सुरुवात केली आणि नातवाने फुगा चुकून पार शिरूरला नेऊन ठेवला. पुन्हा पहिल्यापासून.

चहा झाल्यावर मी माझ्या हातातलं सगळ्यात वजनदार पान काढलं.

"मामा, शाळा चौदा वर्षांपर्यंतच का? बारा का नाही, सोळा का नाही?"

"सातवी-आठवीपर्यंत म्हणून. वयाचा हिशेब."

"नाही. घटना लिहिताना आधी शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता, कोर्टात जाता येईल असा. १९४७ च्या एप्रिलमध्ये सल्लागार समितीने तो खाली उतरवला, मार्गदर्शक तत्त्वांत टाकला. पैसा कुठून आणायचा, हीच भीती. मग नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत कलम चर्चेला आलं. प्रत्येक नागरिकाला प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, अशा अर्थाचे शब्द कलमाच्या सुरुवातीला होते. ते काढा अशी सूचना आली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली. मार्गदर्शक तत्त्वांत हक्काची भाषा बसत नाही, म्हणून. पण दुसरी एक सूचना होती: चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण असं म्हणू नका, नुसतं प्राथमिक शिक्षण म्हणा. ती त्यांनी साफ नाकारली."

"का?"

"कारण दुसऱ्या एका कलमात चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावायला बंदी घातली होती. त्यांचं म्हणणं असं, की मुलाला कामावर ठेवायचं नाही असं आपण ठरवलंय, तर तेवढी वर्षं ते कुठल्यातरी शाळेत असलं पाहिजे. चौदा हा आकडा शाळेच्या इयत्तांवरून आलेला नाही. कामावरून आलाय."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि काळ्या पुठ्ठ्याचं एक जाड रजिस्टर घेऊन आले. कडा उसवलेल्या, मधे सुतळी. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सरकारी नव्हतं ते. स्वतःच्या पैशाने घेऊन स्वतःच रकाने आखलेलं. मुलाचं नाव, इयत्ता, टोळी कधी निघाली, मुकादम कोण, कारखाना कोणता. शेवटचा रकाना: परत. काही ओळींत तिथे तारीख होती. बऱ्याच ओळींत रिकामी जागा.

"तान्हं कडेवर घेतलेल्या पोरीचं पान आहे यात," ते म्हणाले. "कारखाना, खाण असं लिहिलंय ना घटनेत? फड नाही लिहिला. कडेवरचं तान्हं नाही लिहिलं. २०१६ ला बालमजुरीचा कायदा सुधारला म्हणतात, त्यातही शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत चालते. फडातलं काम घरचंच. पण बाबासाहेबांचं हे तू सांगितलंस ते बरं केलंस. मला माहीत नव्हतं. शाळेच्या तासांनी पोराचा वेळ अडवून ठेवायचा. हे मला पटतं."

"मग कायदा पटला?"

"कारण पटलं. घटनेत हे करायला दहा वर्षांची मुदत होती ना? १९६० कधी संपलं?"

मुदतीचं खरं आहे. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तारखेची मुदत असलेलं ते एकच, आणि ती मुदत कुणी मोडली म्हणून कुणाला साधी नोटीस गेली नाही. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं मी मामांना सांगायला गेले नाही; कोठारी आयोग, १९८६ चं धोरण, खडू-फळा मोहीम हे सगळं त्यांनी परिपत्रकांच्या रूपाने अंगावर घेतलेलं होतं. मी एकदम १९९२ वर आले.

"हक्क परत आला तो कसा, ऐका. मेरठची एक मुलगी. तिला कर्नाटकातल्या खासगी मेडिकल कॉलेजात प्रवेश हवा होता. वर्षाला साठ हजार फी सांगितली. ती सुप्रीम कोर्टात गेली. मोहिनी जैन खटला. कोर्ट म्हणालं, शिक्षण हा हक्क आहे. कॉलेजवाल्यांनी पुढच्या वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात तो निकाल बदलून घेतला, पण पूर्ण नाही. कोर्टाने सांगितलं, चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग. त्यापुढचं सरकारच्या ऐपतीप्रमाणे."

मामांना हसू आवरेना. "म्हणजे आमच्या लेकरांचा हक्क डॉक्टरकीच्या डोनेशनच्या भांडणात सापडला?"

"सापडला खरा. मग २००२ ला ८६ वी घटनादुरुस्ती. २१-क हे कलम. सहा ते चौदा."

"सहाच्या आधीची?"

"वगळली. मूळ कलमात चौदापर्यंतची सगळी होती. नव्यात सहाच्या खालची पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांत गेली. आणि ही दुरुस्ती अंमलात कधी आली? १ एप्रिल २०१०. कायदा तयार होईपर्यंत घटनेतलं कलम सव्वासात वर्षं फळीवर."

"तू माझ्या बाजूने बोलायला लागलीस की काय?"

"नाही. आता ऐका. २००९ च्या कायद्याचं नाव बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम. यातल्या सक्तीची व्याख्या काय केलीय? आठवं कलम. सक्ती म्हणजे सरकारवरचं बंधन. शाळा काढायची, मूल पटावर आणायचं, ते रोज येतंय आणि आठवी पुरी करतंय हे बघायचं, सगळं सरकारने. बापावर कर्तव्य आहे, दहाव्या कलमात, पण दंड नाही. एक रुपयासुद्धा नाही. अमरेलीपासून ११७ वर्षांत तो एक शब्द बापाच्या डोक्यावरून उतरून सरकारच्या डोक्यावर गेला. तुम्ही गेवराईत ज्याला दंड करू शकला नाहीत, त्याच्यासाठीच बदललाय तो."

हे मी जरा आवेशात बोलले. मला वाटतं मांडणीही बरी झाली होती. पण मामा निवृत्त केंद्रप्रमुख आहेत.

"सरकार म्हणजे कोण? मंत्रालय? मंत्रालयाने जिल्हा परिषदेला सांगितलं, तिने गटशिक्षणाधिकाऱ्याला, त्याने मला, मी मास्तराला. सक्ती उतरत उतरत शेवटी मास्तराच्या डोक्यावर येऊन बसली. मोटारसायकल काढ, शाळाबाह्य मुलं शोध, माहिती भर, फोटो टाक. मास्तरांना अशैक्षणिक कामं देऊ नका असंही त्याच कायद्यात आहे ना? पण जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून. मग राहिलं काय?"

"नापास न करण्याबद्दल तर तुमचा रागच असेल. ढकलपास म्हणतात सगळे मास्तर."

"मी नाही म्हणत." हे मला अगदी अनपेक्षित होतं. "फडावरून मार्चमध्ये आलेली पोरगी एप्रिलच्या परीक्षेत नापासच होणार. नापास झालेली पोरगी पुढच्या जूनला शाळेत येते होय? तिचं लग्न होतं. त्या कायद्यातलं ते एक कलम मला मनापासून आवडलं होतं, तर तेच २०१९ ला मोडलं. आता आपल्याकडे पाचवीला आणि आठवीला पुन्हा परीक्षा आहेच. म्हणजे तुझा कायदा चांगलं करतो, आणि चांगलं केलेलं टिकवत नाही."

इतक्यात फुगा बसला. नेमका मावशींच्या पत्र्यावर. खाली शाळांची यादी उघडली. एक किलोमीटरच्या आतल्या चार, तीन किलोमीटरपर्यंतच्या सहा. कायदेशीर भाषेत हे बारा-एक-क: खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, त्यांचे पैसे सरकारने भरायचे. शाळा कोर्टात गेल्या; १२ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मताने कलम टिकवलं. अल्पसंख्याक संस्था त्यातून सुटल्या, २०१४ मध्ये पूर्णपणे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांत पळवाट काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हे बंधन नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. मावशींच्या नातवाला आज यादी दिसत होती ती त्या निकालामुळे. हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना शाळेची गाडी घरापर्यंत येते का, एवढंच हवं होतं.

"हेच मला खटकतं," मामा म्हणाले. "सरकारने सक्ती स्वतःवर घेतली म्हणालीस ना? मग हे काय आहे? स्वतःची शाळा ओस पडू द्यायची, आणि शेजारच्या खासगी शाळेला सांगायचं की आमची चार पोरं तुम्ही घ्या, पैसे देतो. ते पैसेही वर्षानुवर्षं थकवायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला जो बाप जरा जागा आहे, अर्ज भरू शकतो, त्याचंच पोर आधी जातं. मागे उरतात ती टोळीबरोबर जाणारी. पट वीसच्या खाली आला की म्हणायचं, समूह शाळा करू. २०२३ ला पत्र आलंच होतं, पानशेत आणि तोरणमाळचा दाखला देऊन."

"आणि ते अडवता येतं कशावर? एक किलोमीटरवर. पहिली ते पाचवीला एक, सहावी ते आठवीला तीन. वाडीवरचे लोक कोर्टात हेच अंतर दाखवू शकतात. तुमच्या आईला चार कोस कुणाला दाखवता आले असते?"

मामांनी उत्तर दिलं नाही. मान हलवली; ती होय होती की नाही, सांगणं कठीण.

"आणि मामा, गरिबाचं आणि डॉक्टरचं पोर एका बाकावर बसावं, हे गोखल्यांच्याही विधेयकात नव्हतं."

"बाकावर बसतं. डब्याच्या सुट्टीत कुठे बसतं ते मी पाहिलंय. पण जाऊ दे. तेही बदलेल कदाचित."

मी दहा शाळा निवडल्या. पान पुढे सरकलं. मावशींनी फडात फोन लावला. पलीकडून उसाच्या पाचटाचा आवाज, कुणीतरी बैलाला हाकारत होतं. बापाने एसएमएस उघडला आणि एकेक अक्षर वाचायला लागला. इंग्रजी अक्षरं आली तिथे अडला. त्याच्या बाजूला त्याची बायको असावी. तिने फोन घेतला आणि पासवर्ड धडाधड वाचून दाखवला, मोठं अक्षर कोणतं, लहान कोणतं, सगळं सांगून.

"कितवी शिकलीय सून?" मामांनी विचारलं.

"सातवी," मावशी म्हणाल्या. "तुमच्याच केंद्रात होती की, गुरुजी."

मामांनी नाव विचारलं, माहेरचं गाव विचारलं. पण रजिस्टर उघडलं नाही.

अर्ज गेला. आता सोडत. मावशींनी कागद गोळा करून पिशवीत भरले आणि विचारलं, "लागंल का नंबर?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "सोडत आहे."

"नाही लागला तर आपली जिल्हा परिषदेची शाळा आहेच," मामा घाईने म्हणाले. "तिथं सोडत नाही की दाखला नाही. पोराला घेऊन जा, नाव लिहून घेतील."

"तिथं चार वर्गाला मास्तर एकच हाय, गुरुजी. ते बी मीटिंगला जातेत."

कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे: पट साठपर्यंत असला तरी शिक्षक दोन हवेत. मी ते बोलले नाही. मामांना तोंडपाठ आहे ते.

पावती छापायला मी कोपऱ्यावरच्या सेतू केंद्रात निघाले, तर मामांनी हाक मारली. "दोन काढ."

परत आले तेव्हा रजिस्टर उघडं होतं आणि मामांनी नव्या पानावर पट्टीने रकाने आखून ठेवले होते. मुलाचं नाव लिहिलं होतं. टोळीच्या रकान्यात आडवी रेघ, मुकादमाच्या रकान्यात आडवी रेघ. त्यांनी माझ्याकडून पावती घेतली, अर्जाचा नंबर उतरून काढला, पुन्हा एकदा आकडा आकडा ताडून पाहिला आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबवून विचारलं,

"सोडत कधी म्हणालीस?"